मोजणीदारांचा चौकोनी पिझ्झा

गोल पिझ्झा सुखदेवभाऊंना मान्य नव्हता.

"इतके वर्षं नोकरी केली सर," ते मला म्हणाले होते, "गोल वावर एकबी नाई पायलं. गोलाले कोपरा नाई. कोपरा नाई तं हद्दीचा दगड कुठी गाडसान?"

म्हणून त्यांचा पिझ्झा चौकोनी असे. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून, त्याच्या कडा ठोकून त्यांनी स्वतः ताट बनवलं होतं. ओव्हन नव्हता. मागच्या अंगणात गोवऱ्यांचा विस्तव करायचा, त्यावर ते ताट, त्यावर दुसरा पत्रा आणि त्या पत्र्यावरही निखारे. आमच्या वऱ्हाडात रोडगे जसे भाजतात तसा त्यांचा पिझ्झा भाजला जाई. बुडाला थोडा धुराचा वास लागायचा. पण मी या वयापर्यंत जे काही पिझ्झे खाल्ले, त्यात तोच मला आठवतो.

सुखदेवभाऊ आमचे शेजारी. अमरावतीला आमच्या दोघांच्या घरांमध्ये छातीइतकी एक भिंत आहे. मी शाळेत इतिहास शिकवत होतो, ते जमीन मोजणीच्या खात्यात मोजणीदार होते. तिवश्यापासून तेल्हाऱ्यापर्यंत त्यांनी लोकांची वावरं, म्हणजे शेतं, मोजली, भावाभावांच्या मधे उभं राहून धुरे पाडले. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. निवृत्त झाल्यावर मोजायला वावर उरलं नाही, तेव्हा ते पिझ्झा मोजू लागले, असं मी गल्लीत सांगत असे. लोक हसत. मी अजून सांगे. लग्नाच्या पंगतीत, वाढदिवसाला, मोबाइलवरच्या गटात, सगळीकडे मी सुखदेवभाऊंचा पिझ्झा सांगितला आहे. आजही आमच्या गल्लीत त्यांची जी गोष्ट चालते ती माझीच रचलेली आहे. ती अर्धी आहे. उरलेली अर्धी मी लपवून ठेवली होती. मी आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, आणि ती लिहून टाकायची आहे.

पण आधी हसू येणारा भाग सांगतो, कारण तोही खोटा नाही.

दर गुरुवारी गल्लीतल्या पाच घरांना नोटीस यायची. वहीच्या अर्ध्या पानावर, कार्बन लावून, निळ्या अक्षरात. "येत्या रविवारी सायंकाळी पाच वाजता प्रस्तुत गल्लीत पिझ्झा करण्यात येणार आहे. आपल्या हिश्श्यावर काय घालावे ते शनिवारपर्यंत लेखी कळवावे. मुदतीत न कळवल्यास आपली हरकत नाही असे समजून कांदा घालण्यात येईल." खाली सही, तारीख. तोंडी सांगितलेलं ते ऐकून घेत नसत. कोणी भिंतीवरून ओरडून म्हटलं की भाऊ, आमच्याकडे मक्याचे दाणे टाका, तर ते मान हलवून म्हणत, "लेहून द्या. बोललेलं हवेत जाते."

नोकरीतलं त्यांचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं होतं. वावरावर लोक वाट्टेल ते बोलतात. पण जबाब लिहून खाली सही केली की माणूस खरं बोलतो, असा त्यांचा ठाम विश्वास होता. लोक सही करूनही खोटं बोलतात, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानात कसं आलं नाही, याचं मला नवल वाटे.

रविवारी चार वाजता ते कणकेचं वावर पाडायचे. त्यावर लसूण घालून आटवलेला गावरान टमाट्यांचा रस. मग सुतळी ताणायची, मोजपट्टी लावायची आणि सहा हिस्से पाडायचे. दोन हिश्श्यांच्या मधे सिमला मिरचीच्या पातळ कापांचा धुरा. कोपऱ्यांवर बाटलीतलं एकेक काळं ऑलिव्ह, म्हणजे हद्दीचा दगड. मग प्रत्येकाच्या जबाबाप्रमाणे पेरणी. समोरच्या काकूंची मेथी, कोपऱ्यावरच्या जोडप्याचं पनीर, कोणाचं वांगं, कोणाचे भिजवलेले शेंगदाणे. शेवटी किसलेलं चीज. ते वितळून शेजारच्या हिश्श्यात गेलं की सुखदेवभाऊ सुरीनं ते मागे ओढत आणि गंभीरपणे म्हणत, "अतिक्रमण झालं."

पाच हिस्से आम्हा पाच घरांचे, सहावा त्यांच्या बायकोचा, कमलवहिनींचा. सुखदेवभाऊंच्या स्वतःच्या नावाचा हिस्सा नसे. ते फक्त धुरे खात. धुरा दोघांच्या मधला असतो, त्यामुळे त्यावर कोणा एकाचा हक्क नाही, म्हणून तो मोजणीदाराचा, असं त्यांचं म्हणणं.

मी एकदा मुद्दाम माझ्या हिश्श्यावर संत्र्याच्या फोडी लिहून दिल्या. शनिवारी ते कागद घेऊन दारात हजर. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी विचारलं, "आंबिया बहाराचं टाकू का मृगाचं? तुमी लेहलं नाई." संत्र्याचे हे दोन हंगाम. आंबियाचं टाकलं. विस्तवावर ते कडू झालं. गल्ली पोट धरून हसली, आणि सुखदेवभाऊंनी वहीत नोंद केली, की संत्रं गरम झालं का कडू होते, पुढे टाकू नये. त्यानंतर मी कारलं लिहून दिलं, मग चिवडा. प्रत्येक वेळी त्यांनी ते केलं, माझ्यापुढे ठेवलं आणि मला कसं लागलं ते खरोखर जाणून घ्यायच्या नजरेनं पाहत राहिले. मी हसत होतो, म्हणून ती नजर मला दिसली नाही.

हे सगळं सुरू कसं झालं, हे आम्हाला कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. व्हिडिओ पाहून म्हातारा बिघडला असं आम्ही धरून चाललो होतो. दर महिन्याला ते दोघं नागपूरला जायचे. विचारलं तर वहिनींचे गुडघे, असं उत्तर. वहिनी आधी भिंतीपाशी उभ्या राहून माझ्या बायकोशी तासभर बोलायच्या, त्या हळूहळू कमी बोलू लागल्या, तोंडाला पदर लावून बसू लागल्या. आम्ही म्हटलं, वय. दुखणं तोंडाच्या कॅन्सरचं होतं आणि नागपूरला दिलेल्या किरणांच्या शेकानं त्यांची चव पुरती गेली होती, हे गल्लीला नंतर कळलं. वहिनींना कोणाची दया नको होती आणि सुखदेवभाऊंनी त्यांचा शब्द पाळला. आम्हाला एवढंच सांगितलं होतं, की तापानंतर हिच्या तोंडाले चव नाई.

मुलगी नंदा अकोल्याला दिलेली. ती एकदा येताना दुकानातला पिझ्झा घेऊन आली होती. वहिनींनी एक तुकडा तोंडात धरला आणि म्हणाल्या, याचं कायतरी लागते. बस, एवढंच. नेमकं काय लागलं, ते त्यांनाही सांगता येईना. त्या गुरुवारी पहिली नोटीस निघाली.

आता कळतं, तो माणूस शोध घेत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला काय आवडतं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर वहिनी म्हणत, काहीबी चालते. म्हणून त्यांनी लगतच्या घरांकडून चवी गोळा करायला सुरुवात केली. नोटिशीच्या तळाशी पुढे एक ओळ वाढली. "सौ. च्या हिश्श्यासाठी शिफारस." ती आळीपाळीनं एकेका घरानं भरायची. काकूंनी भाजलेला लसूण लिहिला, कोणी आंबाडीची भाजी. सुखदेवभाऊ ते घालत, वहिनी खात आणि मान हलवत, नाही.

एका गुरुवारी ती पाळी माझी आली.

मी काय लिहिलं ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे. "माझ्या आत्याची चव अशीच गेली होती. परतवाड्याच्या एका जुन्या वैद्यांनी तिला हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. तिसऱ्या दिवशी चव परत आली. सौ. वहिनींच्या हिश्श्यावर ठेचा घालावा. हात आखडू नये." खाली माझी सही.

मला आत्या नव्हती. परतवाड्याला मी बसनं जाताना चहाला उतरलो असेन तेवढाच. सरकारी भाषेत ठेच्याची शिफारस, याची मला मोठी गंमत वाटली होती. लिहून झाल्यावर मी तो कागद बायकोला मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, असं नका लिहू, ते खरं मानतील. मी म्हटलं, म्हणून तर मजा.

शनिवारी सुखदेवभाऊ कागद हातात घेऊन आले. त्या दिवशी ते ओट्यावर बसले नाहीत. उभ्यानंच विचारलं, "सर, डॉक्टरनं तिखट मना केलं हाय. पण तुमी लेहून देल्लं हाय. हे खरं हाय ना?"

खरं सांगायला एवढा वेळ मला मिळाला होता. एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हटलं, "सही केली आहे मी."

ते म्हणाले, मंग झालं, आणि गेले.

रविवारी आम्ही सगळे अंगणात होतो. वहिनींनी पहिला घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी पदरानं तोंड दाबलं आणि दुसरा घास घेतला. सुखदेवभाऊ त्यांच्यासमोर उकिडवे बसले होते, वावरात दुर्बिणीतून पाहावं तसं त्यांच्या तोंडाकडे पाहत. तो सगळा हिस्सा वहिनींनी संपवला. नवऱ्याच्या त्या नजरेसमोर अर्धा टाकणं त्यांना जमलं नसावं. आणि मी, खुर्चीत बसून, विचारलं, "आली का चव, वहिनी?" त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, हो म्हणून. सगळे हसले.

सकाळी त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. तोंडातल्या जखमा उघडल्या होत्या. तीन दिवस पाणीसुद्धा गिळता आलं नाही. तेव्हा गल्लीला खरं दुखणं कळलं, आणि मलाही.

अकोल्याहून नंदा आली. दवाखान्यातून ती आधी घरी आली, आणि अंगणात, तो पत्रा अजून राखेवर पडला होता तिथं, तिनं बापाला उभं केलं. मी भिंतीच्या या बाजूला होतो. माझे दोन्ही हात भिंतीवर होते, हे मला आठवतं, कारण विटा गरम झाल्या होत्या.

"बाबा, जखम असलेल्या तोंडात मिरची घालते का कोणी? कोनं सांगतलं तुमाले हे?"

सुखदेवभाऊंच्या सदऱ्याच्या खिशात माझा कागद होता. वरून नोटिशीची निळी अक्षरं दिसत होती. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मोजताना दुरून खुणेच्या काठीकडे पाहत तसं, मी आहे की नाही एवढं बघायला.

"कोनं नाई," ते म्हणाले. "माह्याच डोक्यातून निघालं."

मी भिंतीवरचे हात काढले आणि घरात गेलो.

नंदा आईला अकोल्याला घेऊन गेली. सासरच्या माणसांपुढे, नातेवाइकांपुढे एकच गोष्ट गेली, की म्हाताऱ्याला पिझ्झ्याचं वेड लागलं आणि त्या वेडात त्यानं बायकोचं तोंड जाळलं. गल्लीतही तेच. गुरुवारच्या नोटिशी बंद झाल्या. लोक त्यांना टाळू लागले, आणि मला सांगताना लाज वाटते, त्यात मी पुढे होतो.

सुखदेवभाऊ दर रविवारी सकाळी छोटा पिझ्झा भाजून स्टीलच्या डब्यात घालत आणि अकोल्याच्या बसला बसत. त्यावर आता फक्त साय आणि चीज असे. नंदा त्यांना आईजवळ तासभर बसू द्यायची, डबा मात्र उघडू द्यायची नाही. सोमवारी ते भिंतीवरून डबा माझ्याकडे सरकवत आणि म्हणत, वहिनीनं तुमाले पाठवला. मी तो खात असे. वहिनींनी पाठवलेला नाही हे मला समजत होतं, तरी खात असे, कारण नको म्हणालो असतो तर का नको हे बोलावं लागलं असतं.

पाच महिन्यांनी वहिनी अकोल्यालाच वारल्या. डॉक्टर म्हणाले, दुखणंच तसं होतं, ठेच्यानं काही बदललं नाही. पण ते पाच महिने त्या स्वतःच्या घरी राहिल्या असत्या. सुखदेवभाऊंच्या वाट्याला त्यातले वीसबावीस तास आले.

वर्षभरानंतर मी एका रविवारी मनाचा हिय्या करून त्यांच्याकडे गेलो. ते मागच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मी म्हटलं, "सुखदेवभाऊ, ती माझी आत्या..."

"नव्हती," ते म्हणाले. "ठावं हाय मले."

मी उभाच राहिलो. त्यांनी बसायला पोतं पुढे केलं आणि लसूण सोलत सांगितलं. नंदा आईला घेऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते परतवाड्याला गेले होते. ठेच्याचं प्रमाण चुकलं असेल, किंवा त्यासोबत आणखी काही द्यायचं असेल, म्हणून वैद्यांना विचारायला. माझा कागद दाखवत दिवसभर फिरले. दुकानांत विचारलं, जुन्या माणसांना विचारलं. "असा वैद्य कोनाले ठावं नव्हता. तवा समजलं, सरनं गंमत केली."

मी म्हटलं की त्या दिवशी अंगणात त्यांनी माझं नाव सांगायला हवं होतं.

"लेहलं तुमी," ते म्हणाले. "पण घातलं कोनं? डॉक्टरनं मना केलं तं मले केलं होतं, तुमाले नाई."

मी त्यांना सांगितलं, की मी आजच नंदाला फोन करून सगळं कबूल करतो. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सुरी खाली ठेवली.

"तेवढं नका करू, सर. ती माह्यावर रागात हाय म्हनून दर रविवारी फोन करते. गोळ्या घेतल्या का, जेवले का, घर झाडलं का, सारं रागारागात इचारते. राग गेला तं तिले तिचा संसार हाय. मंग ती कायले फोन करीन?"

बोलतच होते, तेवढ्यात तो फोन आला. त्यांनी फोन कानाला लावला नाही, आमच्या दोघांच्या मधे धरला. नंदा रागावत होती. सांगितलेलं तुम्ही कधीच ऐकत नाही, आईचंही ऐकलं नाही, असं पुष्कळ. सुखदेवभाऊ डोळे मिटून ऐकत होते. मग फोनवर हात ठेवून मला हळू म्हणाले, "आवाज ऐका. बिलकुल कमलचा हाय. तीबी अशीच चिल्लावे माह्यावर."

मी घरी आलो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनीच मना केलं म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो, आणि ते मला फार सोयीचं होतं. त्या सोयीवर मी सहा वर्षं काढली.

गेल्या पोळ्याच्या आठवड्यात सुखदेवभाऊ गेले. तेरवीला नंदा पाहुण्यांना सांगत होती, की बाबा मनानं वाईट नव्हते, पण आईसोबत जे केलं ते काही विसरता येत नाही. मी पंगतीत बसलो होतो. मी ते ऐकलं आणि वाढलेलं ताट संपवून हात धुतले.

त्यानंतर आठ दिवसांनी मी अकोल्याला गेलो. बसमध्ये पक्कं ठरवलं होतं, की नंदा जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, मधे एक शब्द बोलायचा नाही. ती ओरडेल, घराबाहेर काढेल, सगळ्यांना सांगेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. खरं तर त्यासाठीच गेलो होतो.

मी तिला पहिल्यापासून सांगितलं. कागद, आत्या, परतवाडा, भिंत. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं एकच विचारलं, "बाबाले माहीत होतं?"

मी हो म्हटलं. मग ते तिच्या रागाबद्दल काय म्हणाले होते, आणि फोन दोघांच्या मधे धरून मला कोणाचा आवाज ऐकवला होता, तेही सांगितलं.

मी तिच्या ओरडण्याची वाट पाहत होतो. तिनं आवाज चढवला नाही. आत जाऊन मला पाण्याचा पेला आणून दिला, आणि अमरावतीची परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं.